६९७, ६बीटी की हिनो? जुन्या जड ट्रकांच्या इंजिनांची ताकद आणि भरवसा

वारणाकाठ

माझी सहा टायरची टाटा आहे, ६९७ टर्बो इंजिनाची (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). हंगामात कारखान्याला ऊस, पावसाळा सरला की कोकणात विटा, सिमेंट, परत येताना चिरा. इंजिन आता बॅक कॉम्प्रेशन मारतंय (जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली येतोय), ऑइल खातंय, आंबा घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतंय. काम काढायलाच हवं. मग हेच इंजिन पूर्ण बांधायचं, की कमिन्सचं जुनं ६बीटी बघून बसवायचं, की गाडीच विकून लेलँडची हिनो इंजिनाची घ्यायची, हा प्रश्न आहे. गावातल्या प्रत्येक गॅरेजवर वेगळं उत्तर मिळतं, म्हणून हा धागा काढला. मला जे ठाऊक आहे ते आधी मांडतो, चुकलं असेल तिथं बोला.

टाटाच्या जुन्या इंजिनाचा नंबर म्हणजे त्याची कुंडलीच आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. गाडीच्या नंबरात वजन आणि ताकद: १६१३ म्हणजे सोळा टन आणि साधारण १३० घोडे (हॉर्सपॉवर), २५१८ म्हणजे पंचवीस टन आणि १८०. जुन्या लेलँडचा आकडा घन इंचांचा. ४०० म्हणजे ४०० घन इंच, म्हणजे साडेसहा लिटर.

आता तिन्ही इंजिनं शेजारी ठेवून बघा. ६९७ चा बोअर ९७, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२८, एकूण ५,६७५ सीसी. हे मूळ मर्सिडीजच्या ओएम ३५२ चं माप. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला, पण इंजिनाची जात तीच राहिली. कमिन्सच्या ६बीटीचा बोअर १०२, स्ट्रोक १२०, एकूण ५,८८३ सीसी. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी १९९३ ची, कारखाना जमशेदपूरला. हिनोच्या डब्ल्यू०६डी घराण्याचा बोअर १०४, स्ट्रोक ११३, एकूण ५,७५९ सीसी.

तिघांत जेमतेम दोनशे सीसीचा फरक. म्हणजे "कमिन्स मोठं इंजिन आहे म्हणून ओढतं" हे जे सगळे सांगतात ते खरं नाही. फरक कुठंतरी दुसरीकडं आहे. माझ्या मते ६९७ मुळात बिनटर्बोचं इंजिन आहे, टर्बो त्याला नंतर आला. ६बीटी १९८० च्या दशकात आलं ते टर्बो डोक्यात धरूनच. जाणकारांनी यावर लिहावं.

अभियंता_कराड

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यात पिस्टनच्या वेगाची भर घालतो.

ओएम ३५२ बिनटर्बो रूपात १३० घोडे देतं ते मिनिटाला २८०० फेऱ्यांना. स्ट्रोक १२८ असल्यामुळे तिथं पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १२ मीटर होतो. ६बीटी १८० घोडे देतं २५०० फेऱ्यांना, तिथं हाच वेग १० मीटर. हिनोला २५०० फेऱ्या धरल्या तर ९.४ मीटर. रिंगा आणि सिलिंडर घासण्याचा मोठा भाग या वेगावर ठरतो. एक इंजिन जास्त फिरून ताकद काढतं, दुसरं कमी फिरून जास्त हवा कोंबून काढतं. दुसऱ्यात घासणं कमी, पण उष्णता आणि दाब जास्त. म्हणून ६बीटीत पिस्टनच्या खालून ऑइलची चिळकांडी मारणारे जेट दिलेले आहेत. ते जेट बुजले की पिस्टन गेलाच समजा.

घाटात काय होतं ते आकड्यांत बघू. विसात एक चढ, सोळा टन वजन, १३० घोडे. चढाचं ओझं आणि टायरचा विरोध मिळून सुमारे ९,१०० न्यूटन ओढ लागते. गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये (मागच्या एक्सलमध्ये) १५ टक्के ताकद जाते असं धरलं तर गाडी तासाला ३२ किलोमीटरने चढेल. त्याच गाडीत १८० घोड्यांचं इंजिन टाकलं तर ४४ ने. पण तेच १८० घोडे पंचवीस टनाच्या दहा टायरला लावले तर वेग २८ वर येतो, म्हणजे १३० घोड्यांच्या सोळा टनीपेक्षाही कमी.

म्हणून इंजिनाची तुलना गाडीचं वजन सोडून करू नये. सोळा टनीवर बावीस टन भरले तर १३० घोड्यांचं इंजिन टनाला सहा घोडेही देत नाही. तिथं कुठलंच इंजिन भरवशाचं राहत नाही, आणि उसाच्या गाड्यांची हीच कथा आहे. दरवर्षी जे ब्लॉक उघडे पडलेले दिसतात त्यातले बरेच ओव्हरलोडने गेलेले असतात आणि दोष मात्र इंजिनाच्या जातीला मिळतो.

पंपवाला_नगर

माझं काम डिझेल पंप आणि नोझलचं. वरच्या दोघांनी इंजिनाचं सांगितलं, मी पंपाचं सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा पंपांतले निम्मे आधी कुणीतरी वाढवलेले असतात.

या तिन्ही इंजिनांना इनलाइन पंप असतो, ओळीत सहा प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे), आपल्याकडे बहुतेक मायकोचे (आताची बॉश). मायकोच्या नाशिकच्या कारखान्यातले नोझल महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजच्या कपाटात मिळतील. ना सेन्सर, ना वायरिंग. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पुढं ओढला की डिझेल वाढलं. ड्रायव्हर म्हणतो गाडी ओढत नाही, मालक म्हणतो थोडं वाढव, आणि पाना हातात असणारा वाढवतो. गाडी त्या दिवशी खरंच पळते. धूर काळा होतो, कारण डिझेल वाढलं पण हवा तेवढीच राहिली. ते जास्तीचं डिझेल उशिरापर्यंत जळत राहतं, एक्झॉस्टची उष्णता चढते, आधी व्हॉल्व्हची सीट, मग हेडचं गॅस्केट, मग पिस्टनचा माथा.

६९७ ला हा त्रास लवकर होतो, ६बीटी बराच काळ सहन करतं. म्हणून लोकांना वाटतं की ६बीटी कितीही वाढवलं तरी चालतं. चालत नाही. फक्त बिल उशिरा येतं आणि मोठं येतं.

धूर वाचायला शिका. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर बुजला, टर्बो थकला, नोझल टपकतोय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर: टायमिंग मागं गेलंय किंवा कॉम्प्रेशन नाही. निळा म्हणजे ऑइल. वारणाकाठ, तुमच्या गाडीचा धूर कुठला ते लिहा. नुसतं ऑइल खातंय म्हणून ब्लॉक खोलू नका, टर्बोच्या सीलमधूनही ऑइल जातं. टर्बोची इनटेककडची रबरी नळी काढून आत बोट फिरवा. आत ऑइल साचलेलं असेल तर आधी टर्बो बघा. पण ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफेतूनही तिथं ऑइल येतं, म्हणून शाफ्टचा खेळही हाताने तपासा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पंप कॅलिब्रेट करून घ्या तो टेबलवर (पंप तपासायच्या मशीनवर), सहाही प्लंजरचं डिझेल मोजून. कानाने पंप लावणारे हात मी बघितलेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण एका सिलिंडरला जास्त आणि एकाला कमी जात असेल तर ते कानाला कळत नाही. क्रँकला कळतं.

कुडचडेकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे खाणीचे दहा टनी टिपर हीच मोठी शाळा होती. सांगे, सावर्डे, उसगाव भागातून मातीची खेप भरायची, झुआरी नाहीतर मांडवीच्या जेटीवर ओतायची, परत फिरायचं. पुढे बार्जने मुरगाव बंदर. अंतर कमी, पण भरलेली गाडी सतत खालच्या गिअरमध्ये आणि हवेत लाल धूळ.

त्या धुळीने एक धडा दिला. इंजिन कुठल्या कंपनीचं याला दुसरा नंबर, एअर फिल्टरला पहिला. लोहखनिजाची धूळ रिंगांत गेली की सिलिंडर एका पावसाळ्यात गुळगुळीत होतो. जे मालक फिल्टरच्या घराचं रबर आणि टर्बोकडे जाणाऱ्या नळीचे क्लिप रोज बघायचे त्यांची ६९७ वर्षानुवर्षं उघडावी लागली नाही. फिल्टर नुसता झटकून परत लावणाऱ्यांचं चांगलं इंजिनही गेलं.

२०१२ ला खाणी बंद पडल्या. हजारो टिपर दारात उभे राहिले. चालू इंजिन झिजतं हे सगळ्यांना माहीत, पण उभं इंजिन कसं मरतं ते आम्ही बघितलं. कोकणपट्टीचा पाऊस, सायलेन्सरच्या तोंडातून पाणी, संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) दमटपणा, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात गंज. पंपाचे प्लंजर जाम. पुढे ह्या गाड्या स्वस्तात घाटावर विकल्या गेल्या. तुम्ही जुनं इंजिन घेताय तर ते किती चाललं हे विचारा, पण त्याआधी ते किती वर्षं उभं होतं हे विचारा.

घाटमाथा

सगळे टाटावर बोलताय, लेलँडच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं!

माझ्या वडिलांनी लेलँड चालवली, काकांनी चालवली, मीही चालवतो. जुन्या काळी कॉमेटची ४०० आणि टॉरसमधली ६८० ही इंजिनं काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. ६८० म्हणजे ११.१ लिटर. बोअर पाच इंच, स्ट्रोक पावणेसहा इंच. सहा सिलिंडरला तीन-तीनची दोन वेगळी हेड. एक गॅस्केट गेलं तर तेवढंच हेड उतरवायचं, रस्त्याच्या कडेला. ते इंजिन कधी घाई करायचं नाही. खंबाटकीत चौथ्यात लावलं की त्याच आवाजात वरपर्यंत. डिझेल पीत होतं हे मान्य, वजनदार होतं हेही मान्य, पण सहा लिटरच्या इंजिनातून टर्बो लावून जेवढी ताकद काढतात तेवढी ते न धापता देत होतं.

हिनो आल्यावर लेलँडवाले आधी नाराज होते, मीही. एवढुसं इंजिन बघून विश्वास बसेना. पण ते शांत चालतं, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होतं, ऑइल स्वच्छ ठेवलं तर काही मागत नाही. लष्कराच्या स्टॅलियन ट्रकमध्ये हेच घराणं आहे, तो सियाचीनच्या वाटेपासून राजस्थानपर्यंत चालतो.

कमी फक्त एकच. टाटाचं सामान खेड्यातल्या दुकानात मिळतं, हिनोचं जिल्ह्याला जावं लागतं. माझ्या लाइनवर ते चालून जातं. तुमचं आडवळणाचं काम असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

अभियंता_कराड

घाटमाथा, ६८० बद्दल +१. मोठं घनफळ आणि कमी ताण हे भरवशाचं सगळ्यात जुनं गणित आहे. ६८० लिटरला सुमारे १५ ते १८ घोडे देत होतं. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) लावलेलं १८० घोड्यांचं ६बीटी लिटरला तीस देतं. तरीही ६बीटी टिकतं याचं श्रेय धातूला, ऑइलला आणि थंड करण्याच्या व्यवस्थेला आहे. त्यातली एक गोष्ट ढासळली की हिशेब ६८० च्या बाजूने झुकतो.

मिशिगनचा_सोलापूरकर

इथं अमेरिकेत हेच ५.९ लिटरचं इंजिन १९८९ पासून २००७ पर्यंत डॉजच्या पिकअपमध्ये होतं, १९९८ पर्यंत बारा व्हॉल्व्हच्या रूपात. तुम्ही सोळा टन ओढताय ते इंजिन इथं लोक घोड्यांचा ट्रेलर ओढायला वापरतात आणि जपून ठेवतात. त्यामुळे त्याच्या गुणदोषांवर इथं खूप खल झालेला आहे. उपयोगी पडेल तेवढं लिहितो.

गुण: कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही गिअरवर, ना चेन ना बेल्ट. ऑइल कूलरचं घर आणि पाण्याच्या पंपाची पोकळी ब्लॉकमध्येच ओतलेली, म्हणून बाहेरचे पाइप आणि गळणारे जोड कमी. क्रँकला सात मेन बेअरिंग.

दोष एक फार महत्त्वाचा. पुढच्या टायमिंग गिअरच्या घराला जागेवर धरणारी एक छोटी लोखंडी पिन आहे. हादऱ्यांनी ती हळूहळू सरकत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली तर गिअरचं घर फोडते, कधी दातही घेऊन जाते. इलाज सोपा आहे: पुढचं कव्हर उघडून पिन आत ठोकायची आणि तिच्या तोंडावर बोल्टखाली पत्र्याचा तुकडा बसवायचा. जुनं इंजिन घेताय आणि कव्हर उघडणारच आहात तर ही पिन बघितल्याशिवाय कव्हर बंद करू नका.

दुसरं, ६बीटीला लाइनर (सिलिंडरची वेगळी नळी) नाही, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. झिजल्यावर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, आधी अर्धा मिलिमीटर, मग एक. त्यानंतर स्लीव, म्हणजे आत नवी नळी. ते काम चांगल्या मशीनशॉपमध्येच व्हायला हवं, कारण स्लीव तिरकी बसली तर उष्णता ब्लॉकला नीट जात नाही.

वऱ्हाडी_डिझेल

भाऊ, आमच्या चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणी. तिथं डंपरला कमिन्सचं १४ लिटरचं एनटी ८५५, पुण्याला कोथरूडात बनलेलं. किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची कंपनी. त्याला इनलाइन पंप नाहीच. पीटी सिस्टम म्हणतात, पंप कमी दाबानं डिझेल पाठवते आणि कॅम वरून प्रत्येक इंजेक्टर दाबते. ज्याला जमते त्याच्या हातात ते इंजिन सोनं हाय, ज्याला नाही जमत त्यानं हात लावू नये. हे सांगायचं कारण, भरवसा इंजिनात अर्धा आणि मिस्त्रीत अर्धा असते. तुमच्या गावात कोणत्या इंजिनाचा मिस्त्री चांगला हाय ते पाहा अन् तेच इंजिन ठेवा.

मे महिन्यात इकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते. तेव्हा रेडिएटर आतून साफ नसेल, फॅनचा पट्टा ढिला असेल, थर्मोस्टॅट कोणी काढून फेकला असेल, तर ६९७ काय अन् ६बीटी काय. थर्मोस्टॅट काढणं ही तर रोगराई झाली हाय. इंजिन थंड राहते असं वाटते, पण नेमकं हवं तेवढं गरम होत नाही, डिझेल धुऊन सिलिंडरवरचं ऑइल काढते अन् रिंगा जाते.

स्टेअरिंग_३०वर्षं

मी मालक नाही, ड्रायव्हर आहे. माझं थोडं ऐका.

चढ संपला, ढाबा आला, गाडी बाजूला घेतली आणि लगेच बंद केली, हे निम्मे लोक करतात. टर्बो तेव्हा लालभडक असतो आणि फिरत असतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब संपला, बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायला काय जातं? सकाळी चालू केल्यावरही ऑइलचा काटा वर येईपर्यंत रेस करू नये.

उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला गाडीवर ठेवूच नका. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावायचा. पण गाडी इंजिनाला ढकलत असते तेव्हा फेऱ्या गव्हर्नरच्या (फेऱ्या आवरणारा पंपाचा भाग) हातात नसतात. गव्हर्नर डिझेल तोडेल, फेऱ्या तोडू शकत नाही. लांब स्ट्रोकचं ६९७ अशा वेळी जास्त फिरलं की व्हॉल्व्ह आणि पुशरॉडला मार बसतो. कुंभार्लीत खाली उतरताना वाकलेले पुशरॉड मी हाताने काढलेत.

आता माझं मत. भरलेली गाडी, घाटात मागं रांग, आणि पुढं वळणावर एसटी थांबलेली. तिथून पुन्हा उचलायचं असतं तेव्हा ६बीटी हजार-बाराशे फेऱ्यांवरून उचलतं, ६९७ ला क्लच खाऊन उचलावं लागतं. ही ताकद कागदावर दिसत नाही, पण दिवसभर चालवणाऱ्याच्या गुडघ्याला कळते. मालकांनी इंजिन निवडताना ड्रायव्हरला विचारावं, एवढंच म्हणणं आहे.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पंपवालेदादा, सांगितल्याप्रमाणे नळी काढून बघितली, आतून कोरडी आहे आणि शाफ्टला खेळ नाही. धूर सकाळी निळसर, लोडवर काळा. ब्रीदरमधून वाफ जोरात. म्हणजे रिंगांचंच काम दिसतंय.

स्टेअरिंगदादा, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझा ड्रायव्हरही हेच म्हणत होता आणि मी हॉर्सपॉवरचे आकडे बघत बसलो होतो.

हिनोवाली गाडी घ्यायचा विचार सोडला, घाटमाथा म्हणतात ते सामानाचं कारण माझ्या भागात खरं आहे. आता दोनच वाटा. ६९७ बांधायचं तर गावातला मिस्त्री डोळे झाकून बांधेल, खर्च कमी. ६बीटी बसवायचं तर माउंटिंग, क्लच हाउसिंग, रेडिएटर, सायलेन्सर सगळं जुळवावं लागेल, आणि आरटीओत कळवून परवानगी घेऊन आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागेल. शिवाय गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग सोळा टनी १३० घोड्यांचं आहे. अभियंतासाहेब, ते जास्तीची ओढ सोसेल का?

अभियंता_कराड

इथंच खरी गोम आहे. शेवटच्या फेऱ्यांवर बघितलं तरी १३० घोडे २८०० ला म्हणजे सुमारे ३२५ न्यूटन-मीटर, आणि १८० घोडे २५०० ला म्हणजे सुमारे ५०५. खालच्या फेऱ्यांवर फरक आणखी वाढतो. पहिल्या गिअरमध्ये ही ओढ गिअरबॉक्समध्ये कित्येक पटींनी वाढून मागच्या एक्सलच्या शाफ्टवर जाते. १८० चं इंजिन जुन्या गिअरबॉक्सवर बसवलं तर आधी क्लच, मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगा, मग क्राउन-पिनियन. इंजिन भरवशाचं आणि गाडी बेभरवशाची असं होईल.

६बीटी घ्यायचंच तर बिनइंटरकूलरचं, कमी ताकदीच्या सेटिंगचं घ्या आणि पंपाचं सील तसंच राहू द्या. नाहीतर तुमचं ६९७ नीट बांधा: क्रँक मोजून, हेड प्लेन करून, नवे नोझल, पंप टेबलवर. माझं मत दुसऱ्या वाटेला. तुमच्या वापराला, तुमच्या गावाला आणि तुमच्या गिअरबॉक्सला तेच जुळतं. घाटात वेग हवा असेल तर दोन टन कमी भरा. वरच्या हिशेबाने अठरा टनांवरून सोळावर आलात तर विसात एकच्या चढावर साडेतीन किलोमीटरचा वेग फुकट मिळतो, आणि पिस्टनवरचा ताणही उतरतो.

पंपवाला_नगर

अभियंत्यांशी पूर्ण सहमत. बांधताना एवढं बघा: ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर लावून तपासा, नुसतं हेड प्लेन करून भागत नाही. कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते मशीनशॉपला तपासायला सांगा, ओव्हरलोडच्या गाडीत तो हमखास थोडा वाकलेला असतो आणि नव्या रिंगा एका बाजूनेच घासतात. ऑइल पंपाचे गिअर नवे घाला. जुना ठेवून वाचवलेले पैसे पुढच्या क्रँकला द्यावे लागतात.

बांधून झाल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस अर्धा लोड, पण इंजिन आयडलवर तासन्तास ठेवू नका. रिंगांना बसायला थोडा दाब लागतो. मग ऑइल-फिल्टर बदला, हेडचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्कवर घ्या, टॅपेट लावा. पंप घेऊन नगरला या किंवा सांगलीत कुठं टेबल असेल तिथं द्या, पण समोर उभं राहून सहाही नळ्यांतलं डिझेल मोजून घ्या.